पाहुण्यांची वही

श्रोतेहो, शाळामास्तरानें गोल्फच्या खेळावर भाषण करावें, हें ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांत हंसले असतील. त्यांचें हंसणें रास्तच आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभी हयात पनवेल तालुक्यांतील शाळांतून इतिहास आणि मराठी शिकविण्यांत गेली. आणि वयाची साठी उलटेपर्यंत गोल्फची काठी मीं हातांत धरली नव्हती. माझ्या ओळखीचे खेळ म्हणजे विटीदांडू, हुतुतू आणि आट्यापाट्या. परंतु गेल्या माघ महिन्यांत मी एका खासगी गोल्फच्या मैदानावर पाहुणा म्हणून गेलों, आणि तेथें दरवाज्यावर ठेवलेल्या एका वहीनें मला असा कांहीं विचार करावयास लाविलें कीं, तो आपल्यापुढें मांडल्यावांचून चैन पडेना.

माझा एक जुना विद्यार्थी आतां मोठा कारखानदार झाला आहे. शाळेंत तो गणितांत तल्लख आणि इतिहासांत कच्चा होता. "सर, एकदां माझ्याबरोबर चला. खेळूं नका हवें तर, नुसतें फिरा. हवा फार चांगली आहे," असा त्याचा आग्रह दोन वर्षें चालला होता. शेवटीं एका रविवारीं पहांटे त्यानें मला मोटारींत बसविलें. पनवेलहून तासाभराच्या वाटेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, एका जुन्या तळ्याच्या कांठीं तें मैदान आहे. त्या संस्थेचें नांव मी सांगणार नाहीं. जें सांगावयाचें आहे तें एका संस्थेपुरतें नाहीं. शिवाय ज्याच्या घरीं पाहुणचार घेतला त्याचा पत्ता चव्हाट्यावर मांडूं नये, असें आमच्या वडिलांनीं शिकविलें आहे.

दरवाज्यावर पहारेकऱ्यानें एक जाड वही पुढें केली. तिच्यांत चार रकाने होते: पाहुण्याचें नांव, यजमान सभासदाचें नांव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. मीं पहिल्या रकान्यांत माझें नांव लिहिलें, विद्यार्थ्यानें दुसऱ्या रकान्यांत आपलें लिहिलें. झब्बा चालणार नाहीं, कॉलरचा सदरा हवा, हें त्यानें आदल्या दिवशींच बजावलें होतें. म्हणून मुलाचा सदरा अंगांत घालून मी आलों होतों. आंत गेल्यावर मात्र डोळे निवले. दंवानें भिजलेली हिरवळ, तिच्या कडेला तळें, तळ्यांत डोंगराची सावली आणि कांठावर एका पायावर उभे असलेले बगळे. इतकें स्वच्छ पाणी मीं कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. मैदानावर एकापुढें एक अशा अठरा गली असतात. एका ठराविक जागेवरून चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि दूरच्या गलींत घालावयाचा; मग पुढच्या गलीकडे वळावयाचें. विटीदांडूंत विटी लांब मारील तो बहाद्दर. येथें कमींत कमी टोल्यांत काम उरकील तो बहाद्दर. म्हणजे हा खेळ एका अर्थीं काटकसरीचा आहे. तो खेळावयास लागणारा खर्च मात्र तसा नाहीं. वाटेंत वाळूचे खड्डे, झाडें आणि पाणी हे अडथळे मुद्दाम राखलेले असतात. आपल्याकडे तळें म्हणजे गांवाची सोय. या खेळांत तळें म्हणजे अडथळा. हा फरक तेव्हां मला गमतीचा वाटला. पुढें तो तितका गमतीचा राहिला नाहीं.

विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मींही एक टोला मारून पाहिला. चेंडू हिरवळीवरून घरंगळत गेला आणि सरळ तळ्यांत पडला. मी खजील झालों. आमच्या काठ्यांची पिशवी वाहणारा विशीचा एक तरुण शेजारीं उभा होता. त्या मुलाला तेथें कॅडी म्हणतात. तो समजुतीनें म्हणाला, "जाऊं द्या गुरुजी. या तळ्यानं आजवर पुष्कळ चेंडू गिळलेत."

"तूं कोणत्या गांवचा?" मीं विचारलें.

त्यानें तळ्यापलीकडच्या कुंपणाकडे बोट केलें. "ती कौलं दिसतात ना, ती आमची वाडी."

"तुमच्याकडे ह्या तळ्याला कांहीं नांव आहे कां?"

"गणपतीचं तळं म्हणतात. आधीं आमच्या वाडीचे गणपति इथंच बोळवायचे. आजी सांगते. आतां कुंपण आलं, म्हणून नदीवर नेतों. लांब पडतं."

"आणि तूं हा खेळ खेळतोस कां?"

"सोमवारीं. त्या दिवशीं मैदान बंद असतं, तेव्हां आम्हां पोरांना खेळूं देतात."

माझा विद्यार्थी मोकळेपणानें म्हणाला, "सर, हा माझ्यापेक्षां पुष्कळ चांगला खेळतो." तेव्हां मीं माझी काठी त्या मुलापुढें केली आणि म्हणालों, "मग एक टोला मारून दाखव. मास्तर सांगतो आहे." तो एक पाऊल मागें सरला. "नको गुरुजी," तो हळूच म्हणाला, "आज रविवार आहे."

श्रोतेहो, ह्या तीन शब्दांनीं मला घरीं पोंहोंचेपर्यंत सोडलें नाहीं. इतिहासाच्या मास्तराची खोड अशी कीं, कांहीं टोंचलें म्हणजे तो जुनीं पुस्तकें काढून बसतो. मींही तसेंच केलें. जेथें हा खेळ वाढला तेथें जमीन कोणाची होती, यजमान कोण आणि पाहुणा कोण, एवढाच प्रश्न मीं मनाशीं धरला.

गोल्फचें माहेर स्कॉटलंड. १४५७ सालीं तेथील राजा दुसरा जेम्स ह्याच्या अमदानींत पार्लमेंटानें ह्या खेळावर बंदी घातली होती. कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागें धांवूं लागले होते. ज्या खेळास बंदी करण्याची पाळी राज्यकर्त्यांवर आली, तो कांहीं मूठभर श्रीमंतांचा खेळ नसावा, हें उघड आहे. समुद्रकांठची वाळूची, शेतीला निरुपयोगी अशी पडीक जमीन, हेंच त्याचें मैदान होतें. सेंट अँड्र्यूज ह्या गांवीं १५५२ सालीं तेथील आर्चबिशपानें एक सनद दिली. त्या जमिनीवर ससे पाळण्याची मोकळीक त्याला स्वतःला हवी होती. परंतु गोल्फ खेळण्याचा, नेमबाजीचा आणि इतर करमणुकीचा गांवकऱ्यांचा हक्क त्याच सनदेनें मान्य केला. म्हणजे गोल्फचें आद्यपीठ मानलें जाणारें मैदान ही मुळांत गांवची सामाईक जमीन होती.

पुढची हकीगत मोठी बोधप्रद आहे. १७९७ सालीं त्या नगराचें दिवाळें निघालें आणि जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेली. सशांनीं मैदान पोखरलें. खेळाडू ससे मारूं लागले. व्यापारी कोर्टांत गेले. हें भांडण १८२१ सालापर्यंत चाललें. त्या वर्षीं जवळच्याच एका जमीनदारानें, म्हणजे जेम्स चीप ह्यानें, ती जमीन विकत घेऊन खेळासाठीं राखली. १८९४ सालीं पार्लमेंटाचा कायदा होऊन ती पुन्हां नगराच्या मालकीची झाली, आणि १९७४ सालापासून तिचा कारभार एक विश्वस्त मंडळ पाहतें. मैदानाच्या कडेला जें जगप्रसिद्ध मंडळ आहे, तें १७५४ सालचें. परंतु मैदान त्या मंडळाच्या मालकीचें नाहीं. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी कीं, तेथील सर्वांत जुनें मैदान, कांहीं मोठ्या स्पर्धा वगळल्या तर, रविवारीं खेळासाठीं बंद असतें. त्या दिवशीं गांवकरी मुलाबाळांसह आणि कुत्र्यांसह त्याच हिरवळीवर फिरतात. तेथें रविवार गांवकऱ्यांचा. आमच्याकडच्या त्या मुलाला रविवारीं काठीला हात लावावयाची भीति! एकाच खेळाचीं हीं दोन रूपें कशीं झालीं, हें पाहिलें पाहिजे.

तो खेळ स्कॉटिश व्यापारी आणि सैनिक ह्यांच्या सामानाबरोबर हिंदुस्थानांत आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरील तो सर्वांत जुना क्लब होय. मुंबईचा क्लब त्यानंतर तेरा वर्षांनीं, १८४२ सालीं निघाला. मुंबईकर साहेबांना आपल्या खेळाचा इतका अभिमान कीं, त्यांनीं सेंट अँड्र्यूजच्या मंडळास एक रुप्याचें पदक भेट दिलें, आणि तें मुंबईच्याच नांवानें ओळखलें जातें. मुंबईंतील हा खेळ कोटाबाहेरील एस्प्लनेडच्या मैदानावर चाले. तें मैदान म्हणजे कांहीं कोणाची खासगी बाग नव्हती. तटावरच्या तोफांसमोर मोकळी जागा असावी म्हणून सरकारनें ती उघडी ठेवली होती. सामाईक जमिनीचा खेळ येथेंही मोकळ्या जमिनीवरच आला. परंतु येतांना एक गोष्ट मागें राहिली. स्कॉटलंडांत मैदानाबरोबर गांवकऱ्यांचा हक्क होता. येथें मैदान आलें, हक्क आला नाहीं. येथल्या माणसाचें काम पिशवी वाहण्याचें किंवा दूर उभें राहून पाहण्याचें.

ह्या मैदानावरून पुढें एक झगडाही झाला. तो गोल्फचा नव्हे, पोलोचा. परंतु प्रश्न तोच. एस्प्लनेडवर पारशी आणि हिंदु पोरें क्रिकेट खेळत. त्याच जागेवर गोरे अधिकारी घोडे घालून पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे आणि क्रिकेटचा चेंडू भलतीकडे उसळे. १८८१ सालीं एतद्देशीय खेळाडूंनीं सरकारकडे अर्ज केला, आणि अर्ज-विनंत्यांचें तें प्रकरण कांहीं वर्षें चाललें. शापूरजी सोराबजी ह्या पारशी गृहस्थानें १८९७ सालीं त्या झगड्याची सारी हकीगत पुस्तकरूपानें छापून ठेविली. कालांतरानें समुद्रकांठीं पारशी, मुसलमान आणि हिंदु ह्यांच्या जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. तंटा मिटला, पण मिटला तो प्रत्येकाचें कुंपण वेगळें करून. मोकळें मैदान सर्वांचें, हें मूळ तत्त्व मात्र बाजूलाच राहिलें.

आतां पाहुण्याकडे वळूं. इंग्रजी अमलांतील मोठमोठ्या क्लबांत एतद्देशीयांना सभासदत्व नसे, हें सर्वश्रुत आहे. पण सभासदाचा पाहुणा म्हणूनही त्यांना मज्जाव असे, ही गोष्ट अधिक लागणारी आहे. लॉर्ड विलिंग्डन १९१३ पासून १९१८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. असें सांगतात कीं, त्यांनीं आपले एतद्देशीय पाहुणे एका क्लबांत नेले असतां खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या पाहुण्यांनाही आंत घेतलें गेलें नाहीं. ही कथा तपशिलानें निरनिराळी सांगितली जाते. परंतु तिचा परिणाम डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. विलिंग्डनसाहेबांनीं आपल्या कारकीर्दीच्या अखेरीस नवा क्लब काढला, आणि त्यांत युरोपियन व एतद्देशीय दोघांनाही सभासद होण्याची मुभा ठेविली. ताडदेवजवळचा तो विलिंग्डन क्लब आणि त्याचें गोल्फचें मैदान आजही आहे. आपल्या पाहुण्याचा अपमान झाला म्हणून यजमानानें नवें घर बांधावें, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पुढें १९२७ सालीं चेंबूर येथें प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. कातडीच्या रंगाचें कुंपण हळूहळू मोडलें. पैशाचें कुंपण मात्र त्याच जागीं उभें राहिलें.

ह्याच काळांत एका मराठी राजघराण्यानें पाहुणा आणि यजमान ह्यांच्या जागाच बदलून टाकल्या. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आपण ऐकून असाल. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी घरांतून दत्तक गेलेल्या सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत, १८९० सालीं, तो पुरा झाला. त्या राजवाड्याच्या आवारांत १९३० नंतरच्या दशकांत प्रतापसिंहराव गायकवाड ह्यांनीं गोल्फचें खासगी मैदान करविलें, आणि तें मुख्यतः आपल्या युरोपियन पाहुण्यांसाठीं. पाहा, मुंबईंत ज्या साहेबांच्या क्लबांत आपल्या लोकांना मज्जाव होता, तेच साहेब बडोद्यास मराठी राजाचे पाहुणे होऊन त्याच्या परवानगीनें त्याच्या हिरवळीवर खेळत. राजाला त्यांत गंमत वाटली असेल कीं समाधान, हें सांगणें कठीण. पण तेंही मैदान अखेर खासगीच. संस्थान विलीन झालें, काळ पालटला; आणि १९९० नंतरच्या दशकांत प्रतापसिंहरावांचे नातू समरजितसिंह, जे स्वतः रणजी करंडकाचे क्रिकेटपटु होते, त्यांनीं तें मैदान दुरुस्त करवून सर्वसामान्यांस खुलें केलें. राजाच्या पाहुण्यांसाठीं केलेल्या हिरवळीवर आतां राजाशीं ओळख नसलेला माणूसही फी भरून खेळूं शकतो.

नाशिकची गोष्ट ह्याहून वेगळी. तेथें शहराच्या मध्यावर एक मोठें मैदान आहे, त्याला लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात. साहेबाचा खेळ गेला, क्लब गेला, नांव तेवढें राहिलें. त्या मैदानाचें आजचें अधिकृत नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ सालीं नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्यावर विजयानंद नाटकगृहांत गोळ्या झाडणारा आणि पुढच्या वर्षीं फांशीं गेलेला तोच हा कान्हेरे. आज तेथें रणजी करंडकाचे सामने झाले आहेत, आणि पहांटे म्हातारेकोतारे फेऱ्या मारतात. मीं स्वतः तेथें एकदां चार फेऱ्या मारल्या. कोणीही वही पुढें केली नाहीं.

आणि ह्या इतिहासांत पिशवी वाहणाऱ्या मुलाचें काय झालें? कॅडी हा शब्द मुळांत फ्रेंच; कॅदे म्हणजे धाकटा मुलगा, उमेदवार. ह्या धाकट्यांनीं आपल्या देशांत एक मोठें काम करून दाखविलें आहे. आपल्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेस १९६४ सालीं आरंभ झाला. दुसऱ्याच वर्षीं बिल्लू सेठी ह्यांनीं ती जिंकली. परंतु ते हौशी खेळाडू होते. खेळावर पोट भरणाऱ्या भारतीयाला ती जिंकावयास १९९१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ती जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर लहानपणीं पिशव्या वाहत असे. दुसऱ्यांचा खेळ पाहून तो शिकला. आमच्या त्या सोमवारच्या मुलाला मीं ही गोष्ट सांगितली तेव्हां त्याला ती माझ्या आधींच ठाऊक होती. आमच्या क्रमिक पुस्तकांत जें नाहीं तें मुलें कोठून तरी मिळवितात.

आतां आपल्या पनवेलकडे येतों. पनवेल हें तळ्यांचें गांव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे हीं नांवें आम्हीं पोरपणीं पाढ्यांसारखीं म्हटलीं आहेत. वडाळ्याच्या कांठीं बल्लाळेश्वराचें देऊळ आहे. तळ्यावर कोणी धुणें धुई, कोणी जनावरांस पाणी पाजी, कोणी संध्येला बसे आणि कोणी नुसताच बसे. तुम्ही कोणाचे पाहुणे, असें तळ्यानें कोणाला विचारलें नाहीं. मुंबईहून होडीनें येऊन बोरघाटाकडे जाणारा वाटसरू पनवेलींत उतरे तेव्हांही तो असाच तळ्यावर हातपाय धूत असेल.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें व रायगड जिल्ह्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारण्याचें काम सुरू झालें. जेथें भातशेती आणि मिठागरें होतीं तेथें वसाहती आल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा झाला. १९८४ सालच्या जानेवारींत १६ आणि १७ तारखेस उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच शेतकरी प्राणांस मुकले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांस परत देण्याची योजना आली. माझ्या वर्गांत बसलेल्या कित्येक मुलांच्या घरचा हा इतिहास आहे. पुढें ह्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत सिडकोनें खारघरच्या दरींत गोल्फचें मैदान सुरू केलें. तें सार्वजनिक संस्थेचें आहे. फी भरणाऱ्याला तेथें खेळतां येतें, ही जमेची बाजू मी नाकारीत नाहीं. परंतु सबंध तालुक्याकडे पाहिलें म्हणजे असें वाटतें कीं, येथल्या माणसांचा पाहुणा होण्याचा काळ मोठ्या वेगानें आला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांच्या ओटीवर शहरचा माणूस पाहुणा म्हणून बसे, त्यांचीं नातवंडें आज दरवाज्यावर आपलें नांव लिहून आंत जातात.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर हें भाषण एकांगी होईल. माझ्या विद्यार्थ्यास मीं हें सारें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "सर, तुम्हांला तळ्याचें पाणी स्वच्छ दिसलें ना? तें कुंपणामुळें स्वच्छ राहिलें. तुमच्या शहरांतल्या सर्वांच्या तळ्यांत सर्वांनीं काय टाकलें, तें आधीं पाहा." मी निरुत्तर झालों. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, रंगीत मूर्तींचे सांगाडे, हें सारें सार्वजनिक तळ्यांत आम्हींच टाकलें. आणि मग महानगरपालिकेनें उपसावें म्हणून ओरडही आम्हींच केली. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, असें वागल्यास सामाईक गोष्ट टिकत नाहीं. सेंट अँड्र्यूजच्या गांवकऱ्यांनाही पुढें कायदा करावा लागला, कारभारी मंडळ नेमावें लागलें. शिवाय त्या खासगी मैदानावर वाडींतल्या वीस-पंचवीस माणसांना काम मिळालें आहे, हेंही खरें.

म्हणून मीं त्याला एवढेंच म्हटलें, "कुंपण काढ असें मी म्हणत नाहीं. पण कुंपणाला दरवाजा असतो, आणि तो वर्षांतून कांहीं दिवस कोणासाठीं उघडावयाचा, हें तुमचें मंडळ ठरवूं शकतें. गणपतीच्या तळ्यावर गणपति येऊं द्या." इतिहासांत कच्चा असलेला तो विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें मंडळापुढें विषय मांडला. दोन बैठकींत नकार आला. कोणी म्हणाले, आज गणपति आले, उद्यां म्हशी येतील. कोणी म्हणाले, हिरवळ तुडवली जाईल. तिसऱ्या बैठकींत परवानगी मिळाली, ती अटींसह: मूर्ति शाडूच्याच असाव्या, निर्माल्य पाण्यांत टाकूं नये, दीड दिवसाचेच गणपति यावे, मागील दरवाज्यानें यावे आणि दिवेलागणीपूर्वीं परतावें. वाडीच्या लोकांनीं सर्व अटी मान्य केल्या. शाडूच्या मूर्तींची अट तर त्यांना आवडली. जुन्या लोकांच्या वेळीं दुसऱ्या मूर्ति होत्याच कोठें?

गेल्या भाद्रपदांत ऋषिपंचमीच्या दिवशीं मी मुद्दाम तेथें गेलों. पावसाची भुरभुर चालली होती. मागील दरवाज्याशीं वाडींतले लोक डोक्यावर पाट घेऊन उभे होते. टाळ वाजत होते, पण जरा बेतानेंच. अनोळखी घरीं आल्यावर माणूस आवाज खालीं घेतो, तसे. आमचा कॅडी आपल्या घरचा गणपति घेऊन पुढें होता. शेजारीं त्याची आजी, काठी टेकीत. आणि दरवाज्यांत पहारेकरी तीच जाड वही घेऊन उभा. नियम तो नियम. प्रत्येक पाहुण्याचें नांव वहींत आलें पाहिजे.

आजीनें वहीकडे पाहिलें आणि नातवाला विचारलें, "हें काय रे?"

"पाहुण्यांची वही आहे आजी. नांव लिहायचं असतं."

म्हातारी हंसली. पाटावरच्या मूर्तीकडे बोट करून म्हणाली, "पाहुणा तर हा. दीड दिस राहिला नि चालला. आपण कसले पाहुणे?"

पहारेकरी गोंधळला. तोही जवळच्याच गांवचा होता. तेवढ्यांत माझा विद्यार्थी पुढें झाला. त्यानें वाडींतल्या त्रेचाळीस माणसांचीं नांवें एकामागून एक विचारून स्वतः वहींत लिहिलीं, आणि यजमान सभासदाच्या रकान्यांत प्रत्येक नांवासमोर आपली सही केली. नियमाप्रमाणें तें अगदीं बरोबर होतें, आणि त्याच्या मनाचा मोठेपणाही त्यांत होता. मंडळी आंत गेली. आजी पाण्याच्या कडेला बसली, तिनें ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलें आणि तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पूर्वीं वडाचें झाड होतें, तें कोठें होतें हें नातवाला दाखविलें.

परततांना मीं ती वही पुन्हां एकदां पाहिली. पहिल्या रकान्यांत त्रेचाळीस नांवें होतीं, दुसऱ्या रकान्यांत एकच नांव त्रेचाळीस वेळां. इतिहासाच्या मास्तराच्या हातांत आयुष्यभर तांबडी पेन्सिल असते, आणि चूक दिसली कीं हात शिवशिवतो. ते दोन रकाने एकमेकांच्या जागीं घालावे, असें मला फार वाटलें. पण माझेंही नांव त्या वहींत पाहुण्याच्याच रकान्यांत होतें; आणि पाहुण्यानें यजमानाच्या वहींत खोडाखोड करूं नये. मीं जाण्याची वेळ लिहिली आणि बाहेर पडलों.

श्रोतेहो, यंदाही ऋषिपंचमीला तो दरवाजा उघडेल, असें मला सांगण्यांत आलें आहे.